तारीख बघितली, तरी पनीर आंबटच

'पाकिटावरची तारीख बघूनच माल घ्या' हा तुमच्या पेपरातला सल्ला वाचला, पटला पण अर्धाच. परवा इथं परभणीत किराण्यासोबत पनीर आणलं, तारखेला अजून 6 दिवस बाकी होते, घरी येऊन फोडलं तर चिकट अन् आंबट वास, आणि पाहुणे दारात! माल दुकानापर्यंत अन् दुकानातही थंडच राहिला तर त्या तारखेला अर्थ, आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर, त्यात लाईट जाते, शिवाय काही दुकानदार बिल वाचवायला रात्री फ्रीजच बंद करतात. हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात विकणाऱ्यावरही जबाबदारी आहे, तेव्हा अन्न व औषध प्रशासनानं फ्रीजचं तापमानही तपासावं. माझं पनीर काही बदलून मिळालं नाही, बिल फेकलं होतं.

– एक वाचक, परभणी