शग्वानासहून (त्रिनिदाद), घरी

आई, बाबा, सा. नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, उलट वजनच वाढलंय, तेव्हा तो विषय संपला.

आई, तू परत विचारलंस की ऑफिस राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, तर तिथंच खोली का नाही घेत. अगं भाडं केवढं तिथलं! म्हणूनच तर सगळे इकडे राहतात. शग्वानास आधी उसाच्या पट्ट्यातलं बाजाराचं गाव, १९९० ला बरो, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं, झालं, आणि आता सकाळी सगळं गाव एकाच हायवेवर. आणि अनोळखी माणसांच्या गाडीत बसते म्हणून काळजी करू नकोस, मॅक्सी म्हणजे इथली शेअर मिनीबस, तिच्यावर रंगीत पट्टा असतो, आमच्या रूटचा हिरवा, वडापसारखंच आहे पण रंग ठरलेला.

बाबा, तुम्ही एसटीतले म्हणून सांगते, इथे चक्क रेल्वे होती! १८७६ ला पहिली लाइन पोर्ट ऑफ स्पेनहून अरिमा गावाला, मग १८८२ पर्यंत शग्वानासवरून सॅन फर्नांडोला. डिसेंबर १९६८ ला शेवटची गाडी गेली आणि बंद. राजधानीचं जुनं स्टेशन आता बस-मॅक्सीचा स्टँड आहे, सिटी गेट म्हणतात, मी रोज तिथंच उतरते. मध्ये नवी रेल्वे आणायचं चाललं होतं, ती २०१० ला सरकार बदलल्यावर रद्द. मग बसा ट्रॅफिकमध्ये.

एक गंमत मात्र अजून पचत नाही. मॅक्सीत पाय टाकला की 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, एकट्या ड्रायव्हरला नाही, अख्ख्या गाडीला. चढणाऱ्यानंच म्हणायचं, बसलेल्यांनी उत्तर द्यायचं, आणि मग कोणी कोणाशी बोललं नाही तरी चालतं, पण न म्हणता बसलात तर बाई उद्धट! डॉक्टरकडे वेटिंगमध्येसुद्धा तेच. सातारा-स्वारगेट गाडीत मी असं केलं तर लोक विचारतील, ताई काय विकताय.

बरं, पैसे पाठवलेत, या वेळी जरा कमी आहेत, खोलीचं डिपॉझिट भरलं. पत्र्याचं काम दिवाळीनंतर करा. दादाच्या लग्नाचं म्हणाल तर सुट्टी मिळेलही, पण तिकिटाच्या पैशात हॉलचं निम्मं भागेल असं मला वाटतं, आई रागावू नकोस ना, हळदीला व्हिडिओ कॉल लावा, इथे मध्यरात्र असली तरी मी नटून बसते. गणपतीलाही नाही जमलं, माहितीये मला. कराडच्या स्थळाला इतक्यात काही कळवू नका, मी नाही म्हणत नाहीये, फक्त थांबा म्हणतेय. आणि पैसे जमा झाले की मेसेज करा, मागच्या वेळी दोन दिवस जीव टांगणीला होता.

तुमची,
पिंकी