बोटीवर काठी कधी उघडायची

मालवण

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत आणि तू सगळं खटलं घेऊन मुंबईहून क्रूझने गोव्याला निघालायस, येताना आमच्याकडे मालवणात मुक्काम, हे ऐकून घरात सगळे खूश आहेत. आईने आत्तापासून कुणाला काय आवडतं याची चौकशी सुरू केलीय. तू शेवटी जाता जाता विचारलंयस, पोरांनी सेल्फी स्टिक घेतल्यात, बोटीवर चालतात ना? त्या एका प्रश्नानेच हे पत्र लांबणार आहे. आम्ही घरी पाहुणे ठेवतो, त्यांना सिंधुदुर्गाच्या होडीत बसवून देतो, आणि त्या काठीपायी काय काय होतं ते रोज समोर दिसतं.

चालतात. पण कुठे उघडायची आणि कुठे नाही, हे निघायच्या आधी घरी बसून ठरवा. एकदा बोटीवर चढल्यावर पोरं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात, आणि चारचौघांत ओरडायची वेळ आली की सगळ्यांचाच विरस होतो.

सगळ्यात महत्त्वाचं ते कठड्याचं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजाच्या कठड्याची उंची किमान 1 मीटर ठेवावी लागते. मोठ्या माणसाच्या कमरेशी तो येतो, आणि दोन्ही पाय डेकवर असतील तर तेवढा पुरतो. तोच माणूस खालच्या आडव्या दांडीवर पाय देऊन उभा राहिला की कठडा मांडीशी येतो, आणि मग तोल गेला तर तो अडवत नाही. त्यात हातात काठी असली की एक हात वर ताणलेला, दुसरा बायकोच्या खांद्यावर, नजर लांब टोकावरच्या स्क्रीनकडे. म्हणजे धरायला हात नाही आणि पायाखाली लक्ष नाही, आणि जहाज तर हलत असतंच. 2019 साली 'अल्युअर ऑफ द सीज' या जहाजावर एक बाई फोटोसाठी बाल्कनीच्या कठड्यावर चढून उभी राहिली होती. दुसऱ्या प्रवाशाने बघून कळवलं. रॉयल कॅरिबियन कंपनीने तिला पुढच्या बंदरात उतरवलं आणि आपल्या जहाजांवर कायमची बंदी घातली. मला ती शिक्षा जास्त वाटत नाही. एक माणूस पाण्यात पडला की जहाज वळवावं लागतं, शोध घ्यावा लागतो, खलाशांचा जीव धोक्यात जातो.

म्हणून पोरांना एवढंच सांग की काठी कठड्याबाहेर जाता कामा नये. फोटो त्याने बिघडत नाही, उलट चांगला येतो. कठड्यापासून दोन पावलं आत, समुद्राकडे पाठ करून सगळ्यांनी उभं राहायचं आणि काठी डेकच्या बाजूला धरायची. मागे सगळा समुद्र येतो, आणि फोन निसटलाच तर डेकवर पडतो. वरच्या डेकवर वारा फार असतो. काठी पूर्ण लांब केली की टोकाचा फोन शिडासारखा वारा धरतो आणि मनगट पिरगळतं. तिथे काठी अर्धीच उघडावी, चिमटा घट्ट आहे का ते बघावं आणि मनगटात दोरी अडकवावी.

क्रूझच्या आतले नियम त्या त्या जहाजाचे असतात, ते बुकिंगच्या कागदांत नीट वाच. घसरगुंड्या, चढाईची भिंत असल्या ठिकाणी बऱ्याच मोठ्या जहाजांवर काठी नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. डिस्नेने आपल्या थीम पार्कमध्ये 2015 सालीच ती बंद केली. पोहण्याच्या तलावाशी मात्र नियम असो वा नसो, तू काठी काढू देऊ नकोस. तिथे दुसऱ्यांच्या लेकी-सुना ओल्या कपड्यांत असतात, त्यांची पोरं असतात. आपल्या फोटोत मागे कोण येतंय ते आधी बघायचं. दुसऱ्याचं मूल आलं असेल तर तो फोटो कुठेही टाकायचा नाही, मग त्यात आपण कितीही छान दिसत असलो तरी. थिएटरात कार्यक्रम चालू असताना मागच्या रांगेतल्या माणसाने तुझ्या पोराच्या काठीच्या टोकावरचा उजेड का बघावा?

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. जहाज सुटताना सगळ्या प्रवाशांना एका जागी बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं, संकटात कुठे जमायचं ते दाखवतात. त्या वेळी सगळ्यांचे फोन खिशात हवेत. पूर्वी ही कवायत प्रवासी चढल्यावर 24 तासांत केली तरी चालायची. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडलं, 32 माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ती कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती करावीच लागते. लोक त्यातही लाइफ जॅकेट घालून सेल्फी काढत बसतात, याची मला खरंच चीड येते. काका-काकूंना आपली जमायची जागा तिथेच दाखवून ठेव.

आता आमच्याकडचं. आमच्या होड्या म्हणजे तुमची क्रूझ नव्हे. इथे कठडा गुडघ्याएवढाही नसतो. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला जाताना काय, किंवा राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाताना काय, चढता-उतरताना दोन्ही हात मोकळेच हवेत. गेल्या मोसमात किल्ल्यावर उतरताना पाहिलेलं सांगतो. होडी लाटेवर हातभर खालीवर होत होती. तांडेलाने एका हाताने दोर धरला होता आणि दुसरा हात पुढे केला होता. उतरणाऱ्या बाईंच्या एका हातात पर्स, दुसऱ्यात उघडलेली काठी, त्यावर व्हिडिओ चालू. तो हात धरायला त्यांच्याकडे हातच नव्हता. लाट खाली गेली, बाई सावरायला मागे झुकल्या आणि काठीचं टोक मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्यावर बसलं. काच तडकली, डोळा वाचला. तांडेल शांतपणे म्हणाला, "आधी हात दिया, काठी मागसून." आमच्या पाहुण्यांना मी आता हेच सांगतो.

डॉल्फिन बघायला गेलात तर आणखी जपा. कुणीतरी "तो बघा" म्हणतं आणि सगळी होडी एका अंगाला धावते. तांडेल ओरडत असतो, "एका बाजूक जाव नकात, होडी कलता!" बसूनच बघायचं. काठीने तर डॉल्फिन मिळतच नाही. पुढच्या कॅमेऱ्यात आपली तोंडं मोठी आणि मागे नुसतं पाणी. आपल्या किनाऱ्याजवळ जे पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन दिसतात ते फार उड्या मारत नाहीत. श्वास घ्यायला वर येतात, पाठ दिसते, पंख दिसतो, की गेले. तेवढ्यात डोळे स्क्रीनवर असले तर संपलं.

संध्याकाळी मासळीच्या लिलावाला तुम्हाला नेणारच. तिथे काठी खोलीवर ठेवून या. मासळी विकणाऱ्या बायकांच्या दिवसाच्या कमाईचा सौदा चाललेला असतो, आणि मधेच टोपल्यांवर कुणाची काठी आली की सगळ्यांचीच अडचण होते. फोटो हवा असेल तर सौदा उरकल्यावर विचारायचं. बहुतेक जणी हसून हो म्हणतात. नाही म्हणाली तर नाही.

काकूंचा आणि काकांचा फोटो मात्र काठीने काढू नका, असं मला वाटतं. मिनोल्टा कंपनीतल्या हिरोशी उएदा नावाच्या जपानी माणसाने 1980 च्या दशकात अशी काठी बनवली, त्यामागे त्याचा एक अनुभव होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याने एका मुलाला आपला फोटो काढायला कॅमेरा दिला, तर मुलगा कॅमेरा घेऊन पळाला. रस्त्यावर ती भीती खरी आहे. पण बोटीवर शेजारच्या कुटुंबाला फोन दिलास तर कोण कुठे जाणार? ते तुमचा काढतील, तू त्यांचा काढ. काठीच्या फोटोत जो धरतो त्याचा खांदा मोठा येतो आणि म्हातारी माणसं कडेला दबून जातात. पन्नास वर्षांच्या संसाराचा फोटो आहे, दोघं मधोमध आणि अंगभर दिसली पाहिजेत. समोरचा माणूस काढत असला की "काकू, जरा हसा" असंही म्हणतो, आणि त्या हसतात.

काठ्या दोनच आणा, माणशी एक नको. एक वहिनींच्या ताब्यात दे, त्यांचं पोरं ऐकतात.

काकूंचा गुडघा हल्ली कसा आहे ते कळव. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, त्यामुळे तुमची तारीख नक्की झाली की मी भरतीची वेळ बघून होडी सांगून ठेवतो.

तुझा,
बाबू