कॅसेटची दुसरी बाजू

प्रिय सुहास,

फोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला घेतलास, असं तू विचारलंस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुला ते नीट सांगावंसं वाटतंय.

आगपेटीहून जरासा मोठा आहे बघ. खिशात आहे की नाही हे चाचपून पाहावं लागतं. कडेला तीन बटणं आहेत, दाबली की टिक् होणारी. मधल्यावर मोहरीएवढा उंचवटा आहे, अंगठ्याला तो अंधारातही सापडतो. आठवड्याभरात हात इतका बसला की प्लेअर बाहेर काढायची गरजच उरली नाही. फोनवर गाणं बदलायला गेलं की स्क्रीन उजळते, कुणाचा तरी मेसेज दिसतो, तो वाचला जातो आणि गाणं राहतं बाजूला. याच्यावर मेसेज येतच नाहीत. परवा रात्री दिवा मालवून एक पन्नास मिनिटांचा राग पहिल्या सुरापासून शेवटच्या तिहाईपर्यंत ऐकला. असं सलग ऐकून किती वर्षं झाली होती रे!

खरी गोडी मात्र लागली ती त्यात गाणी भरण्याची. आपण घालू तेवढंच त्यात असतं. ॲपवर कोट्यवधी गाणी असतात आणि काय लावावं तेच सुचत नाही. इथे एकेक अल्बम घेताना 'हा मला खरंच ऐकायचाय का?' असं स्वतःला विचारावं लागतं. जुन्या सीडी काढल्या, पुसल्या, फाइली करून घेतल्या, नावं हाताने लिहिली. पहिल्या दिवशी क्रम साफ बिघडला. एकनंतर दहा, मग अकरा, आणि दोन कुठेतरी खाली. यंत्र आकडेसुद्धा अक्षरांसारखेच लावतं. 01, 02 असं लिहिल्यावर सगळं जागच्या जागी आलं.

1998 मध्ये कोरियातून एमपीमॅन नावाचा असाच एक प्लेअर आला, तेव्हा त्यात जागा होती 32 एमबी. मिनिटाला साधारण एक एमबी धरलास तर जेमतेम अर्धा तास. पहिला आयपॉड 2001चा, 5 जीबीचा, आत इवलीशी हार्ड डिस्क फिरायची. हजार गाणी खिशात, ही तेव्हा केवढी नवलाई होती! 2022 मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाला, तेव्हा ही जातच संपली असं मी धरून चाललो होतो. पण असे प्लेअर अजून बनतात. माझ्या प्लेअरमध्ये नखाएवढं 128 जीबीचं कार्ड आहे. तरी मी चाळीसच अल्बम ठेवलेत, आणि नवीन घालायचा तर जुन्यांपैकी एक काढायचा असं ठरवलंय.

आता तुझ्या कानासाठी एक गोष्ट, कारण हे तुलाच कळेल. एका मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप संपून तबला येतो, नेमका तिथेच ट्रॅक बदलतो. माझ्या एमपीथ्री फाइलमध्ये दरवेळी तिथे आवाज तुटायचा. तंबोऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, चालू असताना मध्येच एक खळगा. पापणी लवेपर्यंत भरून यायचा, पण मन उडायचं. शोधल्यावर कारण सापडलं. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक तुकडे पाडते, एकेक तुकडा 1152 नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप), म्हणजे सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग. या रीतीमुळे फाइलच्या सुरुवातीला, आणि शेवटचा तुकडा पुरा व्हावा म्हणून अखेरीला, थोडी शांतता जोडली जाते. ती किती जोडली याची नोंद ठेवता येते, पण प्लेअरने ती वाचायला हवी, आणि माझा वाचत नाही.

शिवाय सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात, 128 किलोबिटच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा. मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक ऐकू येणार नाही, ते काढूनच टाकायचं, ही तिची युक्ती. युक्ती विलक्षण आहे, चालता-फिरता ऐकायला पुरते. पण या मैफलीसाठी मी फ्लॅक फाइली केल्या. जागा कितीतरी जास्त खातात, पण आवाजातलं काही गळत नाही आणि ती जोडलेली शांतताही नसते. आता आलापातून तबला येतो तेव्हा आस अखंड असते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

तुझ्याकडेही जुना प्लेअर पडला असेल तर आजच काढून बघ. माझा आधीचा दोन वर्षं तसाच कपाटात राहिला. बॅटरी पार उतरली होती, काढला तर पाठ फुगून स्क्रीन एका कडेने उचललेली. तसं दिसलं तर चार्जिंगला लावू नकोस आणि दाबून बसवायचा प्रयत्नही करू नकोस. ठीक असेल तर निम्मा चार्ज करून ठेव आणि अधूनमधून बघत जा. आणि आवाज बेताने. 80 डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास चालतात, 90ला चारच. मी लावतो तेव्हा खोलीतला पंखा ऐकू आला पाहिजे, एवढंच माप ठेवलंय.

आता काम सांगतो. तुझ्या बासरीच्या रियाजाची ती कॅसेट आठवते? त्या वर्षी आपण गच्चीवर भरली होती ती. तिची पहिली बाजू माझ्याकडे फाइल करून आहे, चाळीस अल्बमांत तिची जागा पक्की आहे. तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि शेवटी जोरात वारा येतो तिथे बाजू संपते. दुसरी बाजू कॅसेटबरोबर तुझ्याकडेच राहिली. ती फाइलमध्ये भरून घे. आधी डेकचं हेड कापसाने पुसून घे, आणि फाइल वेव्हच कर, म्हणजे आवाज जसाच्या तसा राहील, एमपीथ्री नको. वारा आला, मध्येच आवाज गळाला, तरी काही कापू नकोस. मला ती सगळी हवी आहे.

तुझा,
मिलिंद