तू गप्प राहा, मी म्हणतो

खानापूर,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. चारदा वाचलं. आई बरी व्हावी म्हणून दोन महिने प्रार्थना केली आणि ती गेलीच, आता गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द फुटत नाही, असं तू लिहिलंस. आणि शेवटी, ‘मी ख्रिस्ती उरलो की नाही तेही कळत नाही.’ त्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसलोय.

काकू का गेल्या याचं उत्तर माझ्याकडे नाही रे. ‘देवाची इच्छा’ एवढं म्हणून मी मोकळा होणार नाही. दफनाच्या दिवशी ते तुला पुष्कळांनी ऐकवलं, आणि तेव्हा तुझा चेहरा मी बघत होतो.

पण शब्द आटले म्हणजे प्रार्थना संपली, हे मला पटत नाही. बायबलातली स्तोत्रसंहिता उघड. दीडशे स्तोत्रांत आक्रोश किती आहे बघ! ८८वं तर वाचच. इतर बहुतेक विलापांत शेवटी कुठेतरी उजेड दिसतो. हे अंधारातच संपतं. तरी ते कुणी गाळलं नाही. माणसं ते देवासमोरच म्हणत आली. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची गेथशेमाने बाग आठव. मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो की प्रभू येशूनं तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. दुःखाचा तो प्याला टळला नाही. जागे राहा म्हणून सांगितलेले तिघे शिष्य मात्र झोपून गेले. तुझं पत्र वाचल्यापासून ते तिघेच माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

आमच्या अप्पांचं तुला ठाऊक आहे, पण सगळं मी कधी सांगितलं नाही. लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली. आमच्या घरची रात्रीची प्रार्थना म्हणजे अप्पा. जेवणाआधी ते पवित्र शास्त्र काढणार, एक अध्याय वाचणार, मग एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगणार. परीक्षा, गाईचं दुखणं, शेजाऱ्यांचं कर्ज, काही सुटायचं नाही. त्यांची वाचा गेली आणि घर मुकं झालं. पहिल्या आठवड्यात आम्ही गुपचूप जेवून उठायचो. एका रात्री बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि अप्पा खाटेवरून फळीवरच्या शास्त्राकडे टक लावून बघत होते. मी उठलो. वाचायला उजेड नव्हता, स्वतःचं काही सुचेना. म्हणून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं. ‘आमेन’च्या जागी अप्पांच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसतं कण्हणं. पौलानं रोमकरांस लिहिलंय ना, आम्ही कशी प्रार्थना करावी ते आम्हाला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आमच्यासाठी विनंती करतो. ते मी त्या रात्री कानांनी ऐकलं. अप्पा पुढं अकरा महिने जगले. वाचा परत आली नाही. पण त्या घरात प्रार्थना थांबली नाही.

तेव्हापासून मी त्या प्रार्थनेतल्या ‘आमच्या’ या शब्दापाशी थबकतो. प्रभूनं ‘माझ्या पित्या’ म्हणायला शिकवलं नाही. अगदी दार लावून एकट्यानं म्हटली, तरी ‘आमची रोजची भाकर’च म्हणायची. आपल्या भागात तर हे कानांवरच पडतं. बेळगावात १८२० साली ख्रिस्ती प्रचारकांचं लंडन मिशन आलं, तेव्हापासून इथं मराठी आणि कानडी शेजारी-शेजारी आहे. संयुक्त उपासनेत आपण ‘हे आमच्या’ म्हणतो तेव्हा पलीकडच्या बाकावर तेच कानडीत, ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’, चाललेलं असतं. लहानपणी मी मध्येच विसरायचो आणि नुसते ओठ हलवायचो. प्रार्थना काही अडायची नाही.

कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी येशूकडे उचलून आणलं, लूक म्हणतो तसं कौलं काढून खाली सोडलं. बरं होण्याआधी त्या माणसानं तोंड उघडल्याचं तिथं लिहिलेलंच नाही. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला, आणि ‘त्यांचा’ म्हणजे आणणाऱ्यांचासुद्धा. आज बाजेवर तू आहेस. एक कोपरा मी धरलाय.

काकूंबद्दलही एक लिहायचंच होतं. तुमच्या दोन खोल्यांच्या घरात दार लावून बसायला जागा कुठली? चुलीजवळ बसून त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला की तीच त्यांची खोली. आपण पोरं दंगा करत आत शिरायचो आणि तो पदर दिसला की पाय न वाजवता मागं फिरायचो. त्या पदराआड तुझं नाव किती वेळा घेतलं गेलं असेल! त्या गेल्या म्हणून ते सांगणं देवानं पुसून टाकलं, असं मी मानत नाही.

तर आता असं करू. उद्यापासून रोज रात्री साडेआठला मी फोन करीन. उचल, आणि बाजूला ठेव. तू काही बोलायचं नाही, आमेनसुद्धा नाही. राग आला असेल तर रागातच बस. मी म्हणतो. वहिनी आणि पोरं बसली तर बरंच, नाही बसली तरी चालेल.

शनिवारी सकाळी बेळगावात गाडी बदलून निपाणीला येतो. काकूंच्या कबरीवर जाऊ. येताना त्यांच्या आवडीची अबोली आणतो, आमच्या परसात भरपूर फुललीय.

तुझाच,
जुना बाकसोबती