रोपे मोजून ऑर्किड वाचत नाहीत: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑर्किडच्या संवर्धनाचे अहवाल वाचले की त्यात रोपांचे आकडे ठळक दिसतात. टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीच्या तुकड्यापासून रोपे वाढवून, ते वाढवणे अवघड नाही. १९६० साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडच्या कोंबापासून रोपे केली, तेव्हापासून एकाची हजार होतात. कुंडीसाठी उत्तमच. पण त्या हजारांत जनुकांचा संच एकच, आणि ऑर्किडचे वैभव आहे ते जनुकांच्या वैविध्यात.

फूलच पाहा. बाहेर तीन निदले (कळीला झाकणारी दले), आत तीन पाकळ्या. त्यांतली एक वेगळी, तिला ओठ म्हणतात. कीटकाला बसायला मांडलेला पाटच तो! हा पाट खाली यावा म्हणून बहुतेक जातींत कळी उमलताना १८० अंशांत वळते. ही कलाकुसर आली कुठून? पाकळ्या घडवणाऱ्या, मॅड्स-बॉक्स नावाच्या जनुकांच्या प्रती झाल्या आणि प्रतींनी कामे वाटून घेतली. २०१५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचा एक जुडगा निदले-पाकळ्या घडवतो, दुसरा ओठ. दोघांची सतत चढाओढ. तोल ढळला की ओठाची साधी पाकळी होते किंवा पाकळीचा ओठ. टिश्यू कल्चरच्या रोपांत अशी बिघडलेली फुले अधूनमधून दिसतातच.

अपोस्टेशिया या ऑर्किडांच्या आदिम शाखेत ओठही नाही आणि परागपिंडही (परागकणांचे घट्ट गोळे) नाहीत. २०१७ मध्ये तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचला गेला आणि साऱ्या ऑर्किडांच्या पूर्वजात एकदा अख्खा जीनोमच दुप्पट झाल्याचे दिसले. कच्चा माल तिथला. निवड मात्र कीटकांनी केली. काचघरात ते कीटक कुठून आणायचे?

फुलण्याची वेळही जनुके ऋतूला विचारून ठरवतात. फॅलेनॉप्सिस हे कुंडीतले लोकप्रिय ऑर्किड सतत २८ अंश सेल्सिअसपुढे ठेवले तर नुसती पाने काढत राहते; फुलांचा दांडा यायला थोडा गारवा लागतो. गारव्याचे दिवस घटले तर अशा जातीचे रानातले झाड हिरवेगार दिसेल, मोजणीत येईल, आणि फुलणार मात्र नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. रोपे करायचीच तर रानातल्या अनेक झाडांच्या बियांपासून करावीत. बहराची तारीख, तापमान आणि फुलावर आलेला कीटक यांची नोंद दरवर्षी, त्याच जागी व्हावी. आणि पुढच्या अहवालात ‘लावलेली रोपे’ या रकान्याशेजारी ‘फळ धरलेली झाडे’ असा आणखी एक रकाना घालाल का?

आपला,
एक वनस्पती-अभ्यासक