सहा महिन्यांत नर्स होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला नर्सिंगवरचा लेख वाचला. चौकट देखणी आहे, फक्त एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा पदविका), बीएस्सी नर्सिंग आणि ‘सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंट’ हे चारही कोर्स तिच्यात शेजारी शेजारी बसवून खाली ‘आवडीनुसार निवडा’ असं छापलंय. पहिल्या तिघांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, चौथ्याची होत नाही. इथे आवड कुठून आली?

असिस्टंटचं काम कमी प्रतीचं नाही. पेशंटची कूस बदलणं, स्पंजिंग, बेडपॅन ही कामं कोणीतरी नीट करायलाच हवीत. पण छोट्या नर्सिंग होममध्ये त्याच मुलीला सलाइन लावायला, इंजेक्शन द्यायला सांगतात आणि काही बिघडलं की ‘तुझी नोंदणी कुठे आहे?’ असं तिलाच विचारतात. चार-पाच वर्षांनी तिला पुढे शिकायचं झालं, तर जीएनएमच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात. अनुभवाची एका दिवसाचीही सूट नाही. हे तुमच्या चौकटीत मावलं नसावं.

एएनएमची नोंदणी होते, पण ती सहायक परिचारिका म्हणून. रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर रस्ते दोनच. जीएनएम तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के. बीएस्सी चार वर्षांचं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि खुल्या वर्गाला ४५ टक्के, वर सीईटी. नोंदणी दोघींची सारखीच, आरएनआरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका. फरक नंतर जाणवतो. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, बीएस्सीवाली थेट बसते, जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करायचं तर जीएनएमवालीला आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे चाराच्या जागी पाच वर्षं. बारावी कला शाखेतून झाली असेल किंवा घरी लवकर पगार यायला हवा असेल, तर जीएनएम घ्यावं, त्यात कमीपणा नाही. विज्ञान शाखा आणि मार्क दोन्ही असताना ‘जीएनएम सोपं असतं’ म्हणून तिकडे वळू नये. सोपं नसतं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, रुग्णालय बघा. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जनरल वॉर्डात जा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण धरलेत. तुम्हाला दिसेल ते असं: एका खाटेभोवती सहा गणवेश, बीपीचा कफ एकीच्या हातात, बाकीच्या वहीत आकडा उतरवतायत. जिथे प्रसूतीच होत नाहीत, तिथे मिडवायफरीची (प्रसूतिसेवेची) केसबुकं, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवह्याही अशीच एकमेकींच्या वहीवरून भरतात. मग पहिल्याच नोकरीत लेबर रूमची ड्यूटी लागली की मुलीला घाम फुटतो.

आणि ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा एजंट! ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या मुलींना २०२४पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे, पण ती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच. संस्थेच्या कोट्यातून शिरलात की माफी गेली. एजंट हे सांगत नाही. आपल्या लेखकांनीही सांगितलेलं नाही.

लेखाच्या उजव्या अंगाला ‘दहावी पास/नापास, नर्सिंग करा, १०० टक्के नोकरी’ ही जाहिरात होती. जाहिराती तुम्हाला हव्यातच, मान्य. निदान या लेखाला खेटून तरी लावू नका. आणि ‘मुलींसाठी सुवर्णसंधी’ हे शीर्षक कोणी दिलं? जीएनएम आणि बीएस्सीला मुलगेही प्रवेश घेतात, सरकारी रुग्णालयांत ब्रदर म्हणून नोकरीही करतात. तुमचा वार्ताहर एखाद्या कॅज्युअल्टीत गेला तर भेटतील त्याला.

कळावे,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका), सातारा
(नाव छापू नये.)