सवलत पगारपत्रावर आहे. गरजेच्या दिवशी हाती येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे हे पुणे परिसरातल्या कंपन्यांत पगारवाढीची पत्रे वाटण्याचे आणि आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचे दिवस. माणसे टिकावीत, मन लावून काम करावे म्हणून याच काळात नव्या सोयी जाहीर होतात. जिमचा पास, गिफ्ट कार्ड, वाढदिवसाचा केक, वर्षाकाठी एक सहल. त्याला आमचा विरोध नाही. पण चाकण, भोसरी, रांजणगावपासून हिंजवडी-खराडीपर्यंतची पगारपत्रके आणि दावे हाताळणाऱ्या आम्हा मंडळींचे मत पक्के आहे: घरात आजारपण आले, बाळंतपण आले किंवा कर्ता माणूस गेला, त्या दिवशी कंपनी कशी वागली यावर कामगाराचा विश्वास ठरतो. त्या दिवशी लागणाऱ्या बहुतेक सवलती आधीपासूनच आहेत आणि त्यांचे पैसेही दरमहा भरले जातात. घोटाळा होतो तो तपशिलात, आणि तो टाळता येतो.

सामूहिक मेडिक्लेमचेच पाहा. ‘तीन लाखांचे कवच’ एवढाच आकडा लोकांच्या लक्षात राहतो. खरी गोम खोलीभाड्याच्या मर्यादेत असते. विमा रकमेच्या १ टक्का अशी अट असेल तर दिवसाला ३,००० रुपये. समजा, रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत तीन दिवस राहिला. घरच्यांना वाटते, वरचे ९,००० आपण भरू, बाकी विमा बघेल. तसे होत नाही. भाडे मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळे निम्मेच मंजूर होते. हे खर्च १ लाख असतील तर ५०,००० कापले जातात, आणि डिस्चार्जच्या वेळी खिडकीवर ५९,००० रुपये भरायची वेळ येते. औषधे, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणे आणि आयसीयूचे शुल्क यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. तिथेही कात्री लागली असेल तर टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, लेखी हरकत घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी मालकांनी दोन कोटेशन मागवावीत, एक खोलीभाड्याच्या मर्यादेसह आणि एक मर्यादेविना. माणशी हप्त्यात किती फरक पडतो ते पाहावे आणि मग सहलीचा खर्च करायचा की नाही ते ठरवावे. मर्यादा ठेवायचीच असेल तर निदान ‘दाखल होताना अमुक रुपयांपर्यंतचीच खोली मागा’ हे मराठीत आणि हिंदीत कार्डाच्या मागे छापून द्यावे.

दुसरी अडचण नावे चढवण्याची. अनेक ठिकाणी एचआर नव्या कामगारांची यादी महिनाअखेरीला पाठवते. ५ तारखेला रुजू झालेला माणूस २० तारखेला अपघातात सापडला तर कार्डच नसते. काही वेळा यादी वेळेवर जाते, पण विमा कंपनीकडची आगाऊ ठेव, म्हणजे सीडी बॅलन्स, संपलेली असते आणि नावे तशीच लोंबकळत राहतात. हा बॅलन्स दर आठवड्याला कोणीतरी एकाने बघायचा, एवढाच त्यावर इलाज. नवजात बाळाचे नाव कळवण्याचीही मुदत असते. बाळंतपणाच्या रजेचा अर्ज येतो तेव्हाच तो फॉर्म हातात द्यावा.

पगारवाढीचा एक परिणाम तर कोणी सांगतच नाही. पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की कामगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, बाहेर जातो. पण लगेच नाही. मेमध्ये पगार वाढला तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापायचीच असते: कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात. ऑक्टोबरात कपात थांबली की कामगाराला वाटते, आता बिबवेवाडीच्या किंवा मोहननगरच्या रुग्णालयात आपल्याला कोणी विचारणार नाही, आणि तो उसनवारी करून खासगीत जातो. दुसरीकडे कंपनी त्याला मेडिक्लेममध्ये घेते ती पुढच्या एप्रिलपासून, किंवा विसरूनच जाते. पगारवाढीच्या पत्रातच दोन ओळी हव्यात: ईएसआयचे लाभ कधीपर्यंत आणि मेडिक्लेम कधीपासून. दोन्ही तारखांत एका दिवसाचीही फट राहता कामा नये.

पीएफचे १२ टक्के सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच खात्याला जोडलेला ईडीएलआयचा जीवनविमा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. त्यासाठी कामगाराचा एक पैसा कापला जात नाही. मालक वेतनाच्या अर्धा टक्का भरतो, १५,००० च्या मर्यादेत म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ७५ रुपये. नोकरीत असताना कामगार गेला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ती अडते वारसनोंदणीपाशी. अविवाहित असताना आईचे नाव लावले, पुढे लग्न झाले, की ते जुने नामनिर्देशन रद्द ठरते. नवे करावेच लागते. बरेच जण ते करत नाहीत. मग त्याच्या पत्नीला दुःख बाजूला ठेवून वारस असल्याचे पुरावे गोळा करत फिरावे लागते.

ई-नॉमिनेशन, म्हणजे पीएफच्या पोर्टलवर वारसाची नोंद, हे दहा मिनिटांचे काम आहे, पण ते ‘सर्वांनी करून घ्यावे’ अशी नोटीस लावून होत नाही. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या मुलांची सिमकार्डे दर वर्षी बदलतात. पीएफच्या नोंदीतले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. पत्नीचा फोटो आणि आधार क्रमांक सोबत नसतो. हे काम शॉप फ्लोअरवर कसे होते ते सांगतो. पहिली शिफ्ट सुटायच्या आणि दुसरी लागायच्या वेळी कँटीनच्या दाराशी एक टेबल, एक लॅपटॉप आणि काम येणारा एक माणूस. आदल्या आठवड्यात चिठ्ठी द्यायची: आधार, जोडीदाराचा आणि मुलांचा फोटो, त्यांचे आधार क्रमांक मोबाइलमध्ये घेऊन या. ज्यांचा नंबर बंद आहे त्यांची वेगळी यादी करून आधार केंद्रात जायला दोन तासांची भरपगारी सूट द्यायची. नाव जुळत नसेल तर दुरुस्तीसाठीचे संयुक्त घोषणापत्र कंपनीनेच भरून पाठवायचे. वर्षातून दोनदा असे टेबल लावले तर बहुतेक नोंदी नीट होतात. आपल्या माघारी घरच्यांची सोय लागली आहे हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा दिसतो, तो गिफ्ट कार्डाने येत नाही.

आता हजेरी भत्त्याबद्दल. महिनाभर एकही खाडा नाही तर १,५०० रुपये, एक जरी झाला तर शून्य, अशी पद्धत वर्कशॉपमध्ये सर्रास आहे. तिचे दोन परिणाम होतात. अंगात ताप असलेला माणूस पॉवर प्रेसवर उभा राहतो. बोटे जातात ती अशाच पाळीत. आणि ज्याचा ४ तारखेलाच खाडा झाला, त्याला उरलेला महिना जपण्याचे कारणच राहत नाही, म्हणून खाडे एकाच माणसाच्या नावावर साचतात. त्यापेक्षा उतरती श्रेणी ठेवावी: शून्य खाड्याला १,५००, एकाला १,२००, दोनाला ८००, तीनाला ३००. आगाऊ मंजूर झालेली रजा आणि ईएसआय डॉक्टरांचे प्रमाणपत्र असलेले आजारपण खाड्यात धरू नये. मंजूर रजेसाठी भत्ता कापणे म्हणजे एका हाताने दिलेली रजा दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे.

रजांचे वेळापत्रकही इथल्या मातीशी जुळायला हवे. पालख्या पुण्यात येतात त्या दिवसांत निम्मे रस्ते बंद असतात, कंपनीच्या बसला तास-दीड तास जास्त लागतो, आणि कित्येक कामगारांना निदान दिवेघाटापर्यंत तरी चालायचे असते. मावळ, मुळशी, भोरकडच्यांना त्याच सुमारास भातलावणी असते. हे दर वर्षी येते, तरी दर वर्षी गैरहजेरी म्हणून नोंदले जाते. जानेवारीतच बदली सुट्टीचे दिवस ठरवून टाकले तर उत्पादनाचेही नियोजन होते आणि खोटी आजारपणेही टळतात.

पाळणाघराचा नियम ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांना लागू आहे. भोसरीतल्या छोट्या कारखान्यांना एकट्याने ते झेपत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवण्याची सोय आहे. औद्योगिक संघटनांनी हे मनावर घ्यावे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून परतलेली बाई काही महिन्यांतच राजीनामा देते तेव्हा कारण बहुधा बाळाला ठेवायचे कुठे हेच असते.

त्याच संहितेने थेट मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. ठेकेदारामार्फत आलेल्यांची स्थिती मात्र नाजूकच आहे. ठेकेदार बदलला की माणूस त्याच मशीनवर राहतो, पण पीएफमध्ये नवा सदस्य क्रमांक पडतो, आणि जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्यामुळे जुनी रक्कम अडकते. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी कामगार स्वतः पोर्टलवर ही तारीख भरू शकतो. ते त्याला कोणीतरी दाखवायला हवे. मूळ कंपनीनेही ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करण्याआधी सगळ्यांच्या तारखा भरल्याचा पुरावा मागावा.

आयटीतल्यांसाठी एकच गोष्ट. नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या, पण मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) खात्यात भरलेली, मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम वजावटीस पात्र आहे. सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, तेवढाच ठेवून फक्त पगाराची रचना बदलावी लागते. हा पर्याय न देणाऱ्या कंपन्या अजून पुष्कळ आहेत. हा पैसा निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतो, हे मात्र सांगूनच पर्याय द्यावा.

शेवटी, जूनच्या पगारातून महाराष्ट्र कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापले जातील आणि मालक ७५ रुपये भरेल. डिसेंबरात पुन्हा तेच. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हे लागू आहे. या निधीतून मुलांना शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांसाठी आणि एमएस-सीआयटीसाठी साहाय्य, गंभीर आजारात मदत, शिवणयंत्रासाठी अनुदान अशा योजना चालतात. अर्जाला जूनची किंवा डिसेंबरची कपात दाखवणारी पगारस्लिप लागते. म्हणून सर्व कंपन्यांच्या लेखा विभागांना विनंती, की त्या दोन महिन्यांच्या स्लिपवर ही कपात ‘इतर’ या रकान्यात न टाकता स्वतंत्र ओळीत नावानिशी दाखवावी, आणि ठेकेदारांकडूनही तसेच करून घ्यावे.

कळावे,
आपले,
पुणे-पिंपरी-चिंचवड परिसरातील काही वेतन लेखापाल व कामगार कायदा सल्लागार